ब्रुकलिनचा काळा तारा

अमेरिकेत त्या काळी नवे अल्बम मंगळवारी बाजारात येत. २९ सप्टेंबर १९९८ च्या मंगळवारी हिप-हॉपमधली बडी नावं एकाच वेळी दुकानांत येऊन थडकली. जे-झीचा तिसरा अल्बम, अटलांटाच्या आउटकास्टचा ‘अक्वेमिनाय’, ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’चा निरोपाचा म्हणून जाहीर झालेला अल्बम आणि बऱ्याच वर्षांनी एकत्र आलेल्या ब्रँड न्यूबियनचा अल्बम. या गर्दीत रॉकस रेकॉर्ड्स नावाच्या लहानशा कंपनीचाही एक होता, ‘मॉस डेफ अँड तालिब क्वेली आर ब्लॅक स्टार’. जे-झी बिलबोर्डच्या यादीत पहिला आला. ब्लॅक स्टारची मजल ५३ व्या क्रमांकापर्यंत गेली.

जे-झी आणि मॉस डेफ दोघंही ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट भागातले, तिथल्या सरकारी वसाहतींत वाढलेले. एकाने रस्त्यावरचा धंदा आणि त्यातून वर येण्याची जिद्द गाण्यात आणली. दुसऱ्याने मार्कस गार्वी, टोनी मॉरिसन आणि आफ्रिका. दोन्ही गोष्टी त्याच गल्ल्यांमधल्या होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. पण दुसरी गोष्ट तिथे आली कुठून, हे फारसं सांगितलं जात नाही.

या अल्बमबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्याचं श्रेय नव्वदच्या दशकातल्या स्वतंत्र लेबलांच्या लाटेला देतात. मोठ्या कंपन्यांच्या तावडीतून सुटल्यामुळे कलाकारांना मनातलं बोलता आलं, असं त्यांचं म्हणणं असतं. मला ते अर्धंच पटतं. लेबल कोणाच्या पैशावर उभं होतं ते पुढे येईलच. या दोन तरुणांच्या तोंडी आफ्रिका आली, ती ब्रुकलिनमध्ये तीस वर्षं लोकांनी पदरमोड करून चालवलेल्या शाळांमुळे, पुस्तकांच्या दुकानांमुळे आणि छोट्या वर्तमानपत्रांमुळे.

आधी नावाचा इतिहास. जमैकाचा मार्कस गार्वी १९१६ मध्ये न्यूयॉर्कला आला. (त्याच वेळी हार्लेमला लागूनच असलेल्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. काही महिन्यांतच ते लंडनला गेले.) हार्लेममध्ये गार्वीने आपली संघटना वाढवली आणि १९१९ मध्ये चक्क एक जहाज कंपनी काढली, ब्लॅक स्टार लाइन. जहाजं काळ्यांच्या मालकीची असतील, अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि आफ्रिका यांच्यात व्यापार करतील, आणि ज्यांना आफ्रिकेत परतायचं आहे त्यांना घेऊन जातील, अशी ती कल्पना. एक शेअर ५ डॉलरला. लोकांच्या घरी स्वयंपाक आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी, हमालांनी, हॉटेलातल्या नोकरांनी गाठीला बांधलेले पैसे काढून ते शेअर घेतले. पहिलं जहाज ‘यार्मथ’ १८८७ सालचं, कोळसा वाहून झिजलेलं. त्यासाठी १,६५,००० डॉलर मोजले गेले, म्हणजे विकणाऱ्यांनी सरळ सरळ गळा कापला. तरीही त्या नोव्हेंबरात कप्तानासकट काळ्या माणसांच्या ताब्यातलं ते जहाज हार्लेमच्या धक्क्यावरून निघालं तेव्हा किनाऱ्यावर ही गर्दी लोटली होती.

१९२२ पर्यंत कंपनी बुडाली. कारभारातला ढिसाळपणा होताच, शिवाय सरकारी हेर आत पेरलेले होते. टपालातून फसवणूक केल्याच्या आरोपाखाली गार्वी १९२३ मध्ये दोषी ठरला, १९२५ मध्ये तुरुंगात गेला आणि १९२७ मध्ये त्याला देशाबाहेर काढण्यात आलं. मागे राहिले ते लाल, काळा आणि हिरवा हे तीन रंग, १९२० च्या मेळाव्यात ठरवलेले. आणि राहिला काळा तारा. १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला तेव्हा तिथल्या एन्क्रुमा सरकारने तो थेट राष्ट्रध्वजाच्या मधोमध बसवला.

आता ब्रुकलिनकडे येऊ. १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये ओशन हिल-ब्राउन्सव्हिल या गरीब भागात एक प्रयोग सुरू होता. मुलं जवळपास सगळी काळी आणि पोर्तो रिकन, शिक्षक बहुतेक गोरे. शाळांचा कारभार वस्तीतल्या लोकांच्या मंडळाकडे द्यायचा, असं ठरलं होतं. मे महिन्यात त्या मंडळाने १९ शिक्षक-अधिकाऱ्यांना दुसरीकडे बदलून टाकलं आणि शिक्षकांची संघटना उसळली. त्या शरद ऋतूत शहरभर संप झाला, शाळेचे छत्तीस दिवस बुडाले, दहा लाखांवर मुलं घरी बसली. शेवटी वस्तीचं मंडळ हरलं.

या लढ्यात लेस कॅम्पबेल नावाचा एक उंचापुरा काळा शिक्षक पुढे होता. पुढे त्याने जितू वेउसी हे नाव घेतलं. सरकारी शाळा आपल्या हाती येत नाही म्हटल्यावर त्याने आणि त्याच्या तरुण सोबत्यांनी १९६९ मध्ये बेडफर्ड-स्टायव्हसंटमधल्या क्लेव्हर प्लेसवर १० नंबरच्या इमारतीत ‘द ईस्ट’ नावाचं केंद्र काढलं. तिथे १९७० मध्ये उहुरू सासा शुले ही शाळा सुरू झाली. मुलांना स्वाहिली शब्द, आफ्रिकेचा भूगोल, स्वतःचा इतिहास शिकवला जाई. ‘ब्लॅक न्यूज’ नावाचं वर्तमानपत्र निघे. किराण्याचं सहकारी दुकान होतं, पुस्तकांचं दुकान होतं. शनिवार-रविवारी रात्री जॅझच्या मैफली होत. फॅरो सँडर्ससारखा सॅक्सोफोनवादक तिथे वाजवायचा. त्याच्या १९७२ च्या एका अल्बमवर या जागेचंच नाव आहे. मैफलींच्या तिकिटांचे पैसे शाळेला लागत.

मला या कहाणीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. इथे संगीताच्या पैशावर शाळा चालत होती.

या चळवळीत अरुंदपणा होता, हेही सांगायला हवं. संपाच्या दिवसांत काळे पालक आणि ज्यू शिक्षक एकमेकांसमोर ठाकले. त्या काळात कॅम्पबेलने एका विद्यार्थ्याची ज्यूद्वेषी कविता रेडिओवर वाचून दाखवली आणि त्याचे घाव कित्येक वर्षं भरले नाहीत. द ईस्टच्या मैफलींना गोऱ्यांना प्रवेश नसे. पण वस्तीतली मुलं आफ्रिकेला ‘टारझनचा मुलूख’ म्हणून ओळखत होती, त्या काळात तिच्या नद्या, भाषा आणि स्वातंत्र्यलढे फळ्यावर लिहून दाखवणारं दुसरं कोण होतं?

त्याच सुमारास हार्लेममध्ये शब्द आणि ढोल एकत्र येत होते. १९ मे १९६८, माल्कम एक्सच्या जन्मदिनी, माउंट मॉरिस पार्कमध्ये काही तरुण कवींनी कोंगा ढोलांच्या तालावर कविता म्हटल्या. त्यांनी नाव घेतलं ‘द लास्ट पोएट्स’. हे नाव त्यांना केओरापेत्से ख्गोसित्सिले या कवीच्या कवितेतून मिळालं. ख्गोसित्सिले दक्षिण आफ्रिकेचा, वर्णभेदी राजवटीमुळे परागंदा होऊन अमेरिकेत राहिलेला. हिप-हॉपची पाळंमुळं शोधताना सगळे लास्ट पोएट्सपर्यंत जातात. त्यांच्या एक पाऊल मागे एक निर्वासित आफ्रिकन कवी उभा आहे, हे मात्र अनेकांच्या गावीही नसतं. लास्ट पोएट्सचा १९७० चा पहिला अल्बम रेडिओवर फारसा न वाजताही पहिल्या तिसांत गेला.

हिप-हॉप स्वतः आलं ब्रॉन्क्समधून, १९७३ नंतर. तिथे आफ्रिका सुरुवातीपासून होती, पण सणासुदीच्या पोशाखासारखी, नावांत आणि वेशभूषेत. तिला धार आली १९८८ च्या आसपास. दक्षिण आफ्रिकेत मंडेला तुरुंगात होते, अमेरिकेतल्या विद्यापीठांत बहिष्काराची आंदोलनं चालली होती. न्यूयॉर्कमध्ये काळ्या पोरांवर हल्ले होत होते. ऑगस्ट १९८९ मध्ये ब्रुकलिनच्या बेन्सनहर्स्टमध्ये जुनी मोटार बघायला गेलेल्या सोळा वर्षांच्या युसुफ हॉकिन्सचा गोऱ्या टोळक्याने गोळी घालून खून केला. पब्लिक एनिमी या गटाने आपल्या गाण्यांत माल्कमचा आवाज आणला. जंगल ब्रदर्सचा पहिला अल्बम १९८८ मध्ये वॉरलॉक या लहान स्वतंत्र लेबलवर आला आणि त्यांच्याभोवती डी ला सोल, अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, क्वीन लतीफा अशी मंडळी जमली.

गळ्यातला दागिना बदलला, ही त्या काळाची सर्वांत दिसणारी खूण. आधी रॅपरच्या गळ्यात बोटाएवढ्या जाडीची सोन्याची साखळी असे. आता तिथे चामड्याची गोल चकती आली. काळं चामडं, त्यावर लाल-हिरव्या रंगात कापून शिवलेला आफ्रिकेचा नकाशा, आणि ओवायला चामड्याचीच दोरी. फुटपाथवर ती काही डॉलरांत मिळायची. सोनं कुठल्या खाणीतून येतं, ते खणणारा कोण, हा प्रश्न त्या वर्षांत रॅपच्या गाण्यांतून उघडपणे विचारला गेला. क्वीन लतीफाच्या १९८९ च्या ‘लेडीज फर्स्ट’च्या व्हिडिओत ती लष्करी थाटात दक्षिण आफ्रिकेच्या नकाशासमोर उभी राहते आणि पटावरची गोऱ्यांची प्यादी उडवून त्या जागी काळ्या मुठी ठेवते. त्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती. पुरुषांनी भरलेल्या या चळवळीत नेतृत्वाचं इतकं थेट चित्र दुसऱ्या कोणी दिलं नाही, असं माझं मत आहे.

तुरुंगातून सुटलेले मंडेला जून १९९० मध्ये न्यूयॉर्कला आले. त्यांचा ताफा ब्रुकलिनमधून गेला आणि बेडफर्ड-स्टायव्हसंटच्या बॉइज अँड गर्ल्स हायस्कूलच्या मैदानावर लोक त्यांना बघायला लोटले. ज्याला लोक पुढे मॉस डेफ म्हणून ओळखणार होते, तो डान्टे स्मिथ तेव्हा सोळा वर्षांचा होता. तालिब क्वेली चौदा वर्षांचा.

मग दोन-तीन वर्षांतच वारं फिरलं. यात या चळवळीचीही चूक होती. तिची आफ्रिका फार वेळा राजे-राण्यांची, पिरॅमिडांची आणि सिंहासनांची असे. आपले पूर्वज राजे होते एवढं सांगून भाडं थकलेल्या माणसाचं पोट भरत नाही. पण मोठं कारण बाजाराचं होतं. १९९२ च्या अखेरीस डॉ. ड्रेचा ‘द क्रॉनिक’ आला, गँगस्टा रॅप देशभर, गोऱ्या उपनगरांतसुद्धा, तुफान खपू लागला आणि मोठ्या कंपन्यांना एकच साचा सापडला. चामड्याच्या चकत्या पेटीत गेल्या, सोनं परत आलं. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाने देशात एकूण किती रेडिओ केंद्रं ठेवायची यावरची मर्यादा उठवली आणि देशभर तीच ती गाणी वाजू लागली. त्याच वर्षी रॅपर टुपाक शकूर मारला गेला. मार्च १९९७ मध्ये ब्रुकलिनचाच नोटोरियस बी.आय.जी. ऊर्फ बिगी मारला गेला. दोघांचं वय अनुक्रमे पंचवीस आणि चोवीस.

रेकॉर्डच्या दुकानांत आणि रेडिओवर आफ्रिका उरली नव्हती, तेव्हा ती कुठे शिल्लक होती? ब्रुकलिनमध्ये तिचा एक पत्ता होता एनकिरू बुक्स. लेओथी मिलर ओवेन्स या बाईंनी १९७६ मध्ये काढलेलं हे पुस्तकांचं दुकान, काळ्या लेखकांच्या पुस्तकांसाठी आणि मुलांच्या पुस्तकांसाठी नावाजलेलं. तालिब क्वेली तरुणपणी तिथे नोकरीला होता. त्याच्या घरात तसंही पुस्तकांना तोटा नव्हता. आई ब्रेंडा ग्रीन मेडगर एव्हर्स कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापक, वडील विद्यापीठाच्या प्रशासनात. मेडगर एव्हर्स हे कॉलेजही वस्तीतल्या लोकांच्या मागणीतून १९७० मध्ये निघालेलं. १९८६ पासून तिथे काळ्या लेखकांची राष्ट्रीय परिषद भरू लागली. मुलांना आफ्रिकन-अरबी नावं देणारी, त्यांना घेऊन कवितावाचनाला जाणारी ही शिक्षकांची पिढी होती.

मॉस डेफचं घर वेगळं. आईने मुलं वाढवली; वडील आधी नेशन ऑफ इस्लाममध्ये आणि नंतर वारिथ दीन मोहम्मद यांच्या अनुयायांत. मॉस डेफने एकोणिसाव्या वर्षी इस्लाम स्वीकारला. शाळकरी वयापासून तो नाटकांत आणि टीव्हीवर काम करत होता. हे दोघं एकमेकांना भेटले ते न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आणि बागांत, जिथे पोरं कोंडाळं करून आळीपाळीने रॅप करत.

आता रॉकसबद्दल. ही कंपनी १९९५ च्या सुमारास ब्रायन ब्रेटर आणि जॅरेट मायर या दोन गोऱ्या मित्रांनी काढली. बारा इंची सिंगल रेकॉर्ड छापायच्या, डीजेंच्या आणि मोजक्या दुकानांच्या मार्फत विकायच्या, रेडिओच्या नादी लागायचं नाही, असा तिचा खाक्या. जाणकारांत तिचा शिक्का म्हणजे दर्जाची हमी झाला होता. पण तिच्या भांडवलामागे जेम्स मर्डॉक होता, जगभरची वर्तमानपत्रं आणि वाहिन्या हाती असलेल्या रूपर्ट मर्डॉकचा मुलगा, आणि काही काळातच मर्डॉकच्या न्यूज कॉर्पोरेशनने तिच्यात मोठा वाटा घेतला. गार्वीचं नाव लावणारा अल्बम मर्डॉकच्या पैशावर निघाला, याने अनेकांना धक्का बसतो. मला त्यातून एवढंच दिसतं की लेबल स्वतंत्र आहे की नाही, यावर गाण्यातला विचार स्वतंत्र आहे की नाही हे ठरत नाही. विचार आधीच तयार होऊन आला होता.

अल्बम ऐकला की हे कळतं. ‘डेफिनिशन’ या गाण्यात टुपाक आणि बिगी या दोघांच्या हत्यांनंतरची सुन्नता आहे आणि तिचं ध्रुपद बूगी डाउन प्रॉडक्शन्स या गटाने दहा वर्षांपूर्वी हिंसेविरुद्ध म्हटलेल्या गाण्यावर बेतलेलं आहे. ‘चिल्ड्रन्स स्टोरी’मध्ये रॅपर स्लिक रिकची जुनी गोष्ट घेऊन तिचा नायक बदलला आहे: इथला चोर माणसं लुटत नाही, जुन्या गाण्यांचे तुकडे उचलून हिट बनवतो आणि त्यातच संपतो. ‘ब्राउन स्किन लेडी’ रस्त्यावरून चाललेल्या साध्या बाईच्या रंगाचं कौतुक करतं. ती राणी नाही, तिच्या डोक्यावर मुकुट नाही. १९९० च्या आफ्रिकाप्रेमापासून हा अल्बम एक पाऊल पुढे गेला तो इथे.

‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ नावाच्या गाण्यात काळ्या रंगाची रूपं एकामागून एक मांडली आहेत. याच अल्बमवर कीबोर्ड वाजवायला वेल्डन अर्वाइन आहे. हा माणूस गायिका नीना सिमोनचा वाद्यवृंद सांभाळायचा. तिच्या ‘टू बी यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक’ या १९६९ च्या गाण्याचे शब्द त्याचे. पुढच्या काळात तो रॅपर पोरांना पियानो शिकवत असे. मॉस डेफ त्याच्याकडे शिकला. पंचावन्नच्या आसपास वय असलेला हा वादक पंचविशीतल्या पोरांसोबत स्टुडिओत बसला होता, आणि मधल्या सगळ्या पिढ्यांचं काम त्याच्या बोटांतून त्यांच्यापर्यंत आलं.

आणि ‘थीव्ह्ज इन द नाइट’. हे गाणं टोनी मॉरिसनच्या ‘द ब्लूएस्ट आय’ या १९७० च्या कादंबरीतून सुचलेलं. पिकोला नावाची काळी मुलगी निळ्या डोळ्यांसाठी प्रार्थना करते, आणि शेवटी तिचं मन मोडून पडतं. आजूबाजूचे लोक तिच्या कुरूपतेवर स्वतःचं चांगुलपण कसं उभं करतात, हे कादंबरीच्या शेवटी निवेदक मुलगी सांगते. त्या विचाराचा धागा धरून दोघांनी आपल्या पिढीच्या खोट्या स्वातंत्र्याबद्दल, खोट्या हिमतीबद्दल लिहिलं. रॅपमध्ये कादंबरी अशी मुरवलेली मी तरी आधी ऐकली नव्हती.

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल आणि त्याला कारण आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. शंभरेक वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर उभी केली तेव्हा नाव ब्लॅक पँथरकडून घेतलं. मधला दुवा पुस्तकांचाच होता. अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेड्यांनी काळ्या लेखकांच्या साहित्याकडे आपल्या दलित लेखकांचं लक्ष वेधलं. औरंगाबादचं मिलिंद कॉलेज आणि गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ नसतं, तर त्या विद्रोहाला बसायला जागा मिळाली नसती. ढसाळांचा आवाज कुठल्याशा प्रकाशन संस्थेने घडवला असं आपण कधी म्हणत नाही. ब्लॅक स्टारबद्दलही तसं म्हणू नये.

अल्बम आल्यानंतर चार महिन्यांनी, ४ फेब्रुवारी १९९९ च्या रात्री, ब्रॉन्क्समध्ये व्हीलर अव्हेन्यूवरच्या एका इमारतीच्या दारात अमादू डियालो उभा होता. गिनीतून आलेला, तेवीस वर्षांचा. मॅनहॅटनमध्ये चौदाव्या रस्त्याच्या फुटपाथवर तो मोजे, हातमोजे आणि व्हिडिओ कॅसेट विकायचा. साध्या वेशातल्या चार पोलिसांनी त्याला हटकलं. त्याने खिशातून पाकीट काढलं, त्यांना ते पिस्तूल वाटलं. ४१ गोळ्या झाडल्या, १९ लागल्या. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत चौघेही निर्दोष सुटले.

गाण्यातली आफ्रिका आणि शहरातली आफ्रिका इथे समोरासमोर आल्या. अमेरिकेतल्या काळ्यांचं आफ्रिकेवर प्रेम असलं, तरी शेजारी येऊन राहिलेल्या सेनेगल-गिनीच्या माणसाशी त्यांचं नेहमीच पटत होतं असं नाही. पोलिसाच्या डोळ्यांना मात्र दोघांत फरक दिसला नव्हता. मॉस डेफ आणि तालिब क्वेली यांनी ‘हिप हॉप फॉर रिस्पेक्ट’ नावाचा छोटा अल्बम जुळवला. ४१ गोळ्यांसाठी ४१ रॅपर. २००० च्या वसंतात रॉकसने तो काढला. रेडिओने त्याकडे जवळपास पाठच फिरवली. तरी माझ्या लेखी त्या दोघांचं सर्वांत धाडसाचं काम हेच.

याच वर्षांत आणखी एक पूल बांधला गेला, तो हवानापर्यंत. ‘ब्लॅक ऑगस्ट’ ही प्रथा मूळची कॅलिफोर्नियातल्या तुरुंगांतली. ऑगस्ट १९७१ मध्ये सॅन क्वेन्टिन तुरुंगात मारल्या गेलेल्या जॉर्ज जॅक्सनच्या स्मरणार्थ कैदी त्या महिन्यात उपास आणि वाचन करत. १९९८ पासून माल्कम एक्स ग्रासरूट्स मूव्हमेंट या संघटनेने त्याला हिप-हॉपची जोड दिली. न्यूयॉर्कमध्ये मैफल करून राजकीय कैद्यांसाठी पैसे उभे करायचे आणि कलाकारांना क्युबाला न्यायचं. मॉस डेफ, तालिब क्वेली, डेड प्रेझ, कॉमन असे रॅपर या मोहिमेत सामील झाले.

हवानाच्या पूर्वेला अलामार नावाची सिमेंटच्या चाळींची मोठी वसाहत आहे. तिथल्या पोरांनी कपड्यांच्या हँगरच्या तारा वाकवून गच्चीवर अँटेना उभारल्या होत्या आणि समुद्रापलीकडच्या मायामीच्या रेडिओवरून रॅप पकडला होता. १९९५ पासून तिथे रॅपचा महोत्सव भरू लागला. सोव्हिएत मदत आटल्यामुळे देशात उपासमारीची वेळ आलेली, आणि क्रांतीने वर्णभेद संपवला असं सरकार म्हणत असलं, तरी पर्यटकांच्या हॉटेलांच्या दारात अडवलं जात होतं ते जास्त करून काळ्या तरुणांना. ओब्सेसिऑन, अनोनिमो कोन्सेखो अशा गटांनी त्याबद्दल बोलायला सुरुवात केली. त्यांना इतिहास सांगायला नेहांदा अबिओदुन होती. हार्लेमची ही कार्यकर्ती अमेरिकन पोलिसांपासून पळून हवानात राहिली होती आणि तिच्या घरात क्युबन रॅपरांची उठबस असे. असाटा शकूरही तिथेच होती, १९७९ मध्ये तुरुंगातून निसटलेली आणि १९८४ पासून क्युबाच्या आश्रयाला असलेली. कॉमनने तिच्यावर गाणं लिहिलं ते या ओळखीतून. पुन्हा तीच गोष्ट दिसते: चळवळीतल्या वडीलधाऱ्या बायका, आणि त्यांच्यासमोर बसून ऐकणारी पोरं.

डेड प्रेझचा ‘लेट्स गेट फ्री’ २००० मध्ये आला. तोवर मॉस डेफचा एकट्याचा ‘ब्लॅक ऑन बोथ साइड्स’ गोल्ड ठरला होता, म्हणजे पाच लाख प्रतींच्या घरात गेला होता. मिळालेल्या पैशांतून आणि नावातून मॉस डेफ आणि तालिब क्वेली यांनी एक गोष्ट केली, जिची नोंद संगीताच्या पुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. अडचणीत आलेलं एनकिरू बुक्स त्यांनी विकत घेतलं आणि तिथे शिक्षण आणि संस्कृतीचं केंद्र चालवायला घेतलं. जिथे पगारी नोकर होता, तिथे तालिब मालक झाला. ते केंद्र फार वर्षं टिकलं नाही. पुस्तकांच्या मोठ्या साखळी दुकानांपुढे आणि ब्रुकलिनच्या चढत्या भाड्यांपुढे अशी दुकानं एकामागून एक बंद पडत होती. तरीही गार्वीच्या जहाजानंतर त्या नावाने केलेला तो सर्वांत खरा व्यवहार होता.

पुढची हकिगत झपाट्याने सांगता येईल. रॉकस मोठ्या कंपन्यांच्या हातांतून फिरत फिरत २००४ पर्यंत संपली. मॉस डेफने यासीन बे हे नाव घेतलं आणि २०१३ मध्ये तो केपटाउनला राहायला गेला. जानेवारी २०१६ मध्ये ‘वर्ल्ड पासपोर्ट’ नावाच्या, दक्षिण आफ्रिकेला मान्य नसलेल्या कागदावर देश सोडू पाहताना त्याला विमानतळावर अटक झाली. शेवटी माफी मागून तो बाहेर पडला. आफ्रिका म्हणजे आता स्वतःचे शिक्के आणि स्वतःचे नियम असलेली राष्ट्रं आहेत, हे गार्वीच्या काळात फारसं कोणाला शिकावं लागलं नव्हतं. तालिब क्वेलीने स्वतःचं लेबल काढलं. ब्लॅक स्टारचा दुसरा अल्बम चोवीस वर्षांनी, मे २०२२ मध्ये आला आणि तो त्यांनी नेहमीच्या संगीत सेवांवर न टाकता एका पॉडकास्ट कंपनीमार्फत दिला, कारण त्या सेवा गाण्यामागे जे पैसे देतात ते त्यांना मान्य नव्हते.

ख्गोसित्सिले १९७५ मध्ये अमेरिका सोडून आफ्रिकेत परतला, २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्रकवी झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये वारला. त्याचा अमेरिकेत वाढलेला मुलगा रॅपर आहे, अर्ल स्वेटशर्ट. त्या वर्षाअखेर आलेल्या आपल्या अल्बममध्ये त्याने वडिलांचं कवितावाचन आणि कायद्याच्या प्राध्यापक असलेल्या आईचं भाषण एकत्र गुंफलं. ज्याच्या कवितेतून लास्ट पोएट्सना नाव मिळालं, त्याचा आवाज पन्नास वर्षांनी हिप-हॉपच्या रेकॉर्डवर उमटला.

उहुरू सासा शाळा ऐंशीच्या दशकात बंद झाली. जितू वेउसी २०१३ मध्ये गेले. त्यांच्या शाळेच्या निमित्ताने १९७१ मध्ये क्लेव्हर प्लेसच्या गल्लीत सुरू झालेली छोटीशी जत्रा मात्र वाढत गेली. आज तिला इंटरनॅशनल आफ्रिकन आर्ट्स फेस्टिव्हल म्हणतात आणि ती जुलैच्या सुरुवातीला ब्रुकलिनमध्ये भरते. तिच्यामागे कुठलीही रेकॉर्ड कंपनी कधीच नव्हती.